हंगेरीच्या पाहुण्यांसाठी इंग्रजी शब्दांचा तक्ता: एकाच शब्दाचे दोन-तीन अर्थ कसे सांगायचे?

तारकर्ली_घरोबा
तारकर्ली-देवबागच्या न्याहारी-निवासांत लावायला एक पानी तक्ता करतेय. यंदाचा एक गट हंगेरीचा आहे. इंग्रजी त्यांचीही परकी भाषा आणि आपलीही. गोंधळ अवघड शब्दांनी होत नाही. तो हॉट, फ्री, लाइट, लेफ्ट, ड्राय असल्या रोजच्या शब्दांनी होतो. आपण एक अर्थ धरून बोलतो, समोरचा दुसरा धरून ऐकतो. आधी कोणते शब्द घ्यावेत? प्रत्येकाचे सगळे अर्थ द्यायचे का? स्वयंपाकघरातल्या मावशी आणि बोटवाले, दोघांनाही तो वापरता आला पाहिजे.

शब्दओंजळ
ताई, सगळे अर्थ अजिबात देऊ नका. शब्दकोशात ‘रन’खाली पानभर अर्थ असतात, ते वाचून कुणाचंच काम होत नाही. शब्द एकटा छापू नका, त्याच्या सोबत्यासकट छापा. ‘हॉट’ नको, ‘हॉट वॉटर’ आणि ‘हॉट करी’ अशा दोन ओळी, शेजारी त्यांच्या भाषेतला शब्द. (इथे उच्चार देवनागरीत देतेय, कार्डावर अर्थात रोमन लिपीत छापा. हंगेरियनमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो.)

आपल्याला एक मोठी सोय आहे. इंग्रजीत जिथे एकच शब्द आहे, तिथे बऱ्याचदा मराठीतही दोन असतात आणि हंगेरियनमध्येही दोन. हॉट म्हणजे आपलं गरम आणि तिखट. त्यांचं ‘फोर्रो’ आणि ‘चीपोश’. फ्री म्हणजे मोकळं आणि फुकट. त्यांचं ‘सॉबॉद’ आणि ‘इंद्येन’. नो म्हणजे माहीत असणं आणि ओळखणं. त्यांचं ‘तुद’ आणि ‘इश्मेर’. पोहता ‘येतं’ यासाठीही त्यांना ‘तुद’च चालतं. म्हणून तक्ता करताना आधी मराठीत विचार करा. मराठीत शब्द फुटत असेल, तर तो तक्त्यात घ्यायच्या लायकीचा आहे असं समजा.

खरी मेख उलट्या बाजूला आहे, त्यांच्या भाषेत जिथे एकाच शब्दात दोन अर्थ आहेत तिथे. ‘एरोश’ म्हणजे जोरदार आणि तिखटही. तिखट मिरचीला ते ‘एरोश पॉप्रिकॉ’ म्हणतात. त्यामुळे पाहुणा ‘करी नॉट स्ट्राँग’ म्हणाला, तर तो मिरचीबद्दल बोलतोय. मावशींनी तिखटाचा हात आखडावा, रस्सा पातळ करू नये. तसंच ‘क्योन्न्यू’ म्हणजे वजनाला हलकं आणि सोपंही. ‘ईझी डिनर’ ऐकू आलं तर हलकं जेवण हवंय, असं धरायला हरकत नाही. पेज किंवा मऊभात चालेल का, ते विचारून घ्यावं. आणि ‘योब्ब’ म्हणजे उजवं आणि ‘अधिक चांगलं’ही.

जेटीवरून
बोटीच्या बाजूचे शब्द मी देतो.

पहिला ‘लेफ्ट’. डावीकडे, निघून गेली आणि उरलेलं, असे तीन अर्थ. ‘बोट लेफ्ट’ एवढंच ओरडलं की पाहुणा डावीकडे बघतो. बोट गेली असेल तर ‘बोट इज गॉन’, जागा उरल्या असतील तर ‘टू मोअर सीट्स’. लेफ्ट फक्त दिशेसाठी ठेवा, तेही हात दाखवून.

दुसरा ‘करंट’. आपल्याकडे वीज आणि पाण्याची ओढ, दोन्हीला करंटच. त्यांच्याकडे वीज म्हणजे ‘आरॉम’, समुद्रातली ओढ म्हणजे ‘आरॉमलॉत’. पाटीवर नुसतं ‘करंट’ लिहू नका. ‘स्ट्राँग सी करंट, डू नॉट स्विम’ असं पूर्ण वाक्य आणि बाजूला बाण काढा. इथे चूक झाली तर जिवावर बेतेल.

तिसरा ‘हाफ’, आणि हा सगळ्यांत फसवा. ब्रिटिश बोलण्यात ‘हाफ एट’ म्हणजे 8:30. हंगेरियनमध्ये ‘फेल न्योल्त्स’, शब्दशः अर्धे आठ, म्हणजे 7:30! आपण पावणेआठ म्हणताना जसं येणारा तास धरतो, तसंच ते अर्ध्यालाही धरतात. तेव्हा वेळ तोंडी सांगून थांबू नका, 7:30 असे आकडे लिहून दाखवा.

भरती-ओहोटीही समजावून सांगावी लागते. हंगेरीला समुद्र नाही आणि बालाटोन सरोवरात भरती जाणवत नाही. भरतीला ‘दॉगाय’ आणि ओहोटीला ‘ऑपाय’ हे शब्द त्यांच्याकडे आहेत, पण अनुभव नाही. ‘लो टाइड’ लिहिलंत तर खाली ‘बोट सिट्स ऑन सँड, वेट’ जोडा. हेही सांगा, की भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आजची बोटीची वेळ उद्या तीच राहीलच असं नाही.

तारकर्ली_घरोबा
हाफचं लक्षातच आलं नव्हतं, आता वेळा आकड्यांतच छापते. मेनूकार्डाचं काय? आम्ही सुक्या मटणाला ‘ड्राय मटण’ लिहितो. आणि न्हाणीघरात काही लिहावं लागेल का?

शब्दओंजळ
‘ड्राय’ काढून टाका. आपलं सुकं मटण म्हणजे अंगाबरोबर मसाला, रस्सा नाही. सुका बांगडा म्हणजे उन्हात वाळवलेला. मराठीतही शब्द एकच, पण आपल्याला पदार्थावरून कळतं, त्यांना कळणार नाही. मटणाला ‘थिक मसाला, नो ग्रेव्ही’ लिहा. वाळवलेल्या मासळीला ‘सन-ड्राइड फिश’, शेजारी हंगेरियन ‘सारीतोत्त’, म्हणजे वाळवलेलं.

न्हाणीघरात तर नक्कीच लिहा. नळावर एच म्हणजे हॉट असं आपण धरतो. हंगेरीतल्या नळांवर एच म्हणजे ‘हिदेग’, थंड! गरमाला तिथे एम असतो, ‘मेलेग’चा. तिथली सवय असलेला माणूस गार पाण्यासाठी आपला एचचा नळ सोडील आणि गिझरचं कढत पाणी अंगावर घेईल. अक्षरं झाका, नळावर लाल आणि निळी पट्टी चिकटवा. पट्टी नळाच्या मुठीवर लावा, भिंतीवर नको. भिंतीवरची ओलीने सुटते.

जेटीवरून
एक राहिलं. निरोप घेताना ते ‘हेल्लो’ म्हणतात आणि भेटल्यावर ‘सियॉ’, जे इंग्रजी ‘सी या’सारखं ऐकू येतं. पाहुणा सकाळी समोर येऊन ‘सियॉ’ म्हणाला तर तो निघालेला नाही. चहा टाका.