माशांचा थवा आणि टाकीतील जागा : शालेय प्रयोगासाठी सल्ला हवा आहे

कोथरूडकर :
माझ्या नववीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी, जागा कमी-जास्त केल्यावर माशांचा थवा कसा पोहतो, हे दाखवायचे आहे. घरी ३ बाय १.५ बाय १.५ फुटांच्या टाकीत १२ रमीनोज टेट्रा (लाल तोंडाचे, थव्याने पोहणारे छोटे मासे) आहेत. दुकानदाराच्या मते १ फुटाची आणखी एक टाकी घ्यावी. ते योग्य ठरेल का?

जलवेडा :
दुसरी टाकी घेऊ नये. जाळीने पकडून हलवलेले मासे बिचकतात, आणि बिचकलेला टेट्रा जागा कितीही असली तरी सोबत्यांना चिकटूनच पोहतो. त्यामुळे जे दिसेल ते जागेमुळे की भीतीमुळे, हे कळणार नाही. आहे त्याच टाकीत सरकती पडदी बसवावी, आणि ती हलवल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा.

खरी अडचण गर्दीची आहे. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या गणिती प्रारूपात प्रत्येक कण शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेने, थोडी चूक करत सरकतो, आणि गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की सगळे एकाच दिशेला वळतात. त्या प्रारूपाला मात्र भिंती नाहीत. टाकीला चार आहेत. रमीनोज झटका देऊन घरंगळत पुढे जातो, काच जवळ आली की वळतो, आणि जागा लहान असेल तर त्याला सारखे वळावेच लागते. म्हणून पूर्ण टाकीत १२, अर्ध्या टाकीत १२ आणि अर्ध्या टाकीत ६ अशा तीन मांडण्या कराव्यात. संख्या, जागा आणि गर्दी यांपैकी दोन ठरवल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलणे शक्य नाही. परीक्षक नेमके हेच विचारतील, तेव्हा ते वहीत आधीच लिहिलेले बरे.

सदाशिवपेठी :
पडदी दुधी ॲक्रिलिकची घ्या. मी साधी काच लावली होती, तर दोन्हीकडचे मासे दिवसभर त्याच काचेला नाक लावून समोरासमोर उभे! तळाशी पाणी जाण्यापुरती फट ठेवा, पण मासा निसटेल एवढी नको.

चित्रीकरण वरून करावे आणि तेवढ्यापुरते पाणी वीतभर ठेवावे, म्हणजे मासे एकमेकांच्या खाली लपत नाहीत. दर ५ सेकंदांचे एक चित्र घेऊन प्रत्येक माशाचे तोंड कोणीकडे आहे ते कोनमापकाने मोजता येते. प्रदर्शन डिसेंबरात असेल तर हीटर हवाच, कारण पुण्यात पहाटे पाणी गार पडते आणि टेट्रा सुस्तावतात. मात्र पाणी उतरवण्याआधी हीटर बंद करावा, नाहीतर तो तडकतो.