सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा दाखवायचाय

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीत दर महिन्याला एक जुना मराठी सिनेमा दाखवायचा विचार आहे. प्रोजेक्टर आहे. माझ्या ओटीटी खात्यावरून लावला तर चालेल ना?

प्रतिसाद १ : नाही. ते खातं घरगुती वापरापुरतं असतं. तिकीट नसलं तरी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. कथा-गाण्यांचे हक्क वेगळे, तेही विचारा. आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद.

प्रतिसाद २ : मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीचं, म्हणजे एकत्र सिनेमे बघून त्यावर बोलणाऱ्या मंडळाचं, काम करतेय. कळकळीने सांगते, सिनेमा संपला की लगेच खुर्च्या उचलू नका. अर्धा तास बोला. १९५९ साली फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन झालं, सत्यजित राय पहिले अध्यक्ष. ती चळवळ चर्चेवरच वाढली. आमच्याकडे आज्या सगळ्यात जास्त बोलतात! कुठला वाडा, कुठली नऊवारी, सगळं त्यांना आठवतं. त्यांना आधी बोलू द्या, मग मुलं आपणहून विचारायला लागतात.

प्रश्नकर्ता : परवानगीचं पत्र उद्याच लिहितो. शेजारी तमिळ कुटुंब आहे, सबटायटल्स लावू का?

प्रतिसाद २ : लावाच. इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रतच मागा.