झिओलाइट वायपासून चॅबॅझाइट: अल्ट्रासोनिक बाथने दिवस कमी होतात का?

राबाळे_बेंच
राबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये आहे, राहायला ऐरोलीत. झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं अ‍ॅल्युमिनोसिलिकेट) वायपासून चॅबॅझाइट हे दुसरं झिओलाइट बनवतोय: एच-वाय (वायचं हायड्रोजन रूप) २५ ग्रॅम, ४५ टक्क्यांचं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) साधारण २७ मिली, पाणी १९८ मिली, पॉलिप्रॉपिलीनची बाटली, ९५ अंशांना चार दिवस. चॅबॅझाइट छान येतं, पण सोमवारी दुपारी लावलेली बॅच शुक्रवारी दुपारी उतरते आणि आमच्या गल्लीत शुक्रवारीच दुरुस्तीसाठी वीज जाते. दोन बॅचेस तशा गेल्या. बॅच बुधवारी उतरली तर सुटेन.

म्हणून काचेची भांडी धुवायच्या ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये ८० अंशांच्या पाण्यात बाटली तासभर ठेवली, मग ओव्हनला. ४८ तासांनी एक्सआरडीत (स्फटिक ओळखायची क्ष-किरण चाचणी) ६.२ अंशांच्या कोनाचा वायचा पीक तसाच उभा. अल्ट्रासाउंडचा खरंच उपयोग होतो, की माझंच काही चुकतंय?

घणसोली_सोनो
पाणी एवढं गरम नको. अल्ट्रासाउंडच्या आवाजाने पाण्यात होणारा बुडबुडा जोरात फुटला तरच काम होतं. गरम पाण्यात तो वाफेने भरतो आणि फुटताना गादीवर पडल्यासारखा मऊ पडतो. तिशी-चाळिशीत ठेवा. शिवाय जाड प्लास्टिक आवाज पिऊन टाकतं. तेवढ्या तासापुरतं मिश्रण स्टीलच्या भांड्यात घ्या, नंतर बाटलीत ओता. काच नको, केओएच तिच्यातली सिलिका ओढून घेतं आणि तुमचं प्रमाण बिघडतं.

बाथ कुठे चालतो ते आधी बघा: साध्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल मिनिटभर उभी धरा, जिथे भोकं पडतील तिथे भांडं ठेवा. फॉइल चुकूनही केओएचमध्ये नको, हायड्रोजन सुटतो.

नौपाडा_निवृत्त
दादा, प्रोबच्या (मिश्रणात थेट बुडवायच्या अल्ट्रासाउंड दांडीच्या) मोहात पडू नका. टायटॅनियमचं टोक झिजतं आणि ती पूड तुमच्या नमुन्यात उतरते.

वाय आणि चॅबॅझाइट दोन्हींत दुहेरी षट्कडी (सहा-सहाच्या दोन कड्या जोडून झालेला तुकडा) आहे, आणि चॅबॅझाइटची चौकट जास्त दाट. म्हणजे वायकडून चॅबॅझाइटकडे जाणारा उतार आधीपासून आहेच, आवाज तो तयार करत नाही. तो गुठळ्या फोडतो, वायचा ताजा पृष्ठभाग उघडा पाडतो, त्यामुळे विरघळणं आणि पहिले स्फटिक धरणं लवकर होतं. सोडियम मात्र शिरू देऊ नका, नाहीतर झिओलाइट पी हे नको असलेलं झिओलाइट डोकं वर काढतं.

आणि कंट्रोल कुठे आहे? बाथ तासाभरात आपणच तापतो. त्याच तापमानाच्या पाण्यात, तेवढाच वेळ ढवळत, आवाजाशिवाय दुसरं भांडं ठेवा. नाहीतर उष्णतेचं श्रेय आवाजाला द्याल.

राबाळे_बेंच
सगळं तसंच केलं. फॉइलला भोकं फक्त डाव्या कोपऱ्यात पडली, मी इतके दिवस बाटली मधोमध ठेवत होतो! तासाभरात पाणी २९ वरून ४६ अंशांवर गेलं. कंट्रोलचं भांडं शेजारी हॉटप्लेटवर ठेवून तेच तापमान दर पाच मिनिटांनी गाठत राहिलो.

४८ तासांनी: कंट्रोलमध्ये ६.२ चा पीक स्पष्ट. आवाज दिलेल्यात तो जेमतेम दिसतो, ९.५ आणि २०.७ चे चॅबॅझाइटचे पीक ठळक. बुकनर फनेलवर गाळायला मात्र जवळपास दुप्पट वेळ लागला, कण बारीक झाले असावेत. काका, ताई, मनापासून आभार. एकाच बॅचवर विश्वास ठेवत नाही, सोमवारी पुन्हा लावतोय, या वेळी दोन-दोन बाटल्या.

घणसोली_सोनो
बारीक कण असतील तर गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज करा. ९.५ च्या पीकची रुंदी (स्फटिक बारीक तर पीक रुंद) दोन्हींत मोजून टाका, मलाही बघायचीय.