कुलगुरूंनी बोलायचं की नुसतं काम करायचं?

नदीकाठ

काल इथे एका सदस्याने लिहिलं की कुलगुरू म्हणजे तक्रार निवारण केंद्र नव्हे, त्यांनी विद्यार्थ्यांना पत्रं लिहीत बसू नये, वेळेत निकाल लावावेत. बोलघेवडेपणा पुढाऱ्यांना शोभतो. खाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलं. मला ते इतकं खटकलं की तिथे चार ओळी टाकण्याऐवजी वेगळा धागा काढतोय.

2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने एकाच सत्रात सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना नवी पद्धत शिकवायची, आणि हे सगळं एका उन्हाळ्यात. कायदा सांगतो, निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत. जुलै उजाडला तरी शेकडो निकाल अडकलेले. राज्यपालांनी कुलपती या नात्याने 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. ऑगस्टमध्ये कुलगुरू संजय देशमुख रजेवर, शिवाजी विद्यापीठाच्या देवानंद शिंद्यांकडे तात्पुरता कार्यभार, आणि 24 ऑक्टोबरला देशमुखांना पदावरून दूर केलं. 1857 सालच्या त्या विद्यापीठात हे पहिल्यांदाच घडलं.

उशीर झाला हे वाईटच. पण ज्या मुलाला परदेशी प्रवेश मिळाला होता, त्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुलगुरूंच्या सहीचं एक पान मिळालं असतं, 'तुझ्या शाखेचा निकाल ऑगस्टअखेरपर्यंत लागणार नाही, चूक विद्यापीठाची आहे, हे पत्र तिकडे दाखव', तर तो मुदत तरी मागू शकला असता. 'लवकरच' हा शब्द घेऊन तो कुणाच्या दारात जाणार? निकाल लावणं हे काम आहे, आणि निकाल लागत नाही हे वेळेवर सांगणं हेही कामच आहे.

स्पष्टवक्ता

तो सदस्य मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमचंच उदाहरण तुमच्या अंगावर येतंय. 2017 मध्ये कमी बोललं गेलं का? तारखेवर तारीख दिली गेली. 31 जुलै गेली, मग ऑगस्टमधली, मग त्याच्या पुढची. गप्प राहिले असते आणि यंत्रणा हलवली असती तर निदान विश्वास तरी उरला असता. पडद्यावर तपासणीचा निर्णय घाईचा होता, ती घाई कुठल्याही पत्राने भरून निघाली नसती.

आणि कुलगुरूंना मालक किती आहेत ते बघा. कुलपती, मंत्रालय, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), न्यायालय. कोरोनाचं 2020 घ्या. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं अंतिम वर्षाची परीक्षा नाही. 6 जुलैला यूजीसी म्हणाली सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मधल्या सात आठवड्यांत कुलगुरूंनी काय लिहायचं होतं? एक वाक्य इकडे-तिकडे झालं की अवमान नाहीतर कारणे दाखवा नोटीस. विंगेत उभं राहून संवाद सुचवणं फार सोपं असतं.

नदीकाठ

तारखांबद्दल तुमचं म्हणणं मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध. जी तारीख पाळता येणार नाही ती देणं हे न बोलण्यापेक्षाही वाईट. पण त्यावरून 'गप्प बसा' हा निष्कर्ष कसा निघतो? 2020 मध्ये लिहिता आलं असतं: 'सरकार आणि यूजीसी यांचं म्हणणं वेगळं आहे, प्रकरण कोर्टात आहे, आम्ही दोन्ही शक्यतांची तयारी करतोय, तुम्ही पुस्तकं बाजूला टाकू नका.' यात अवमान कुठे आहे?

रानवाट

मी डोंगरपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. तुम्ही दोघं कुलगुरूंच्या पत्रावर भांडताय, पण पत्र आलं तरी ते पोहोचतं कुठे? आमच्याकडे रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते: उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती विहित नमुन्यात सादर करावी. प्राचार्य ती ग्रुपवर टाकतात, कारकून छापतो, सूचना फलकावर आधीच्या चार कागदांच्या वर टाचणीने लागते.

आणि तिची भाषा! 'उपरोक्त विषयास अनुसरून संदर्भीय पत्रान्वये आपणांस कळविण्यात येते की...' माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठीच वेगळी बोलतात, काहींच्या घरी मराठी नाहीच. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज किती दिवसांत करायचा एवढीच माहिती तिसऱ्या परिच्छेदात लपलेली असते. गेल्या वर्षी एका मुलीची मुदत तीन दिवसांनी हुकली. ती म्हणाली, 'मॅडम, मी वाचलं होतं, पण ते माझ्यासाठी आहे हे कळलं नाही.' तेव्हापासून प्रत्येक परिपत्रक मी साध्या मराठीत लिहून वर्गाच्या दारावर लावते. हे माझं काम नाही, पण करते.

जुनाखडू

मॅडम, निदान तुमच्याकडे मराठीत तरी येतं. 1964 साली सरकारी कामकाज मराठीत करण्यासाठी राजभाषा अधिनियम झाला, साठ वर्षं उलटली, आणि आमच्याकडे अजून महत्त्वाची सूचना इंग्रजीत, शुभेच्छापत्रं मराठीत. दिवाळीला कुलगुरू मराठीत लिहितात, प्रवेश रद्द करायचा असला की इंग्रजीत. 31 वर्षं शिकवलं, हे बघून बघून थकलो.

स्पष्टवक्ता

जुनाखडू सर, मुंबई-पुण्यातल्या विद्यापीठांत देशभरातून मुलं येतात. त्यांना मराठी परिपत्रक देणार? इंग्रजी सगळ्यांना समजते.

जुनाखडू

कुणाला 'सगळ्यांना'? तुमच्या आसपासच्या सगळ्यांना. मुंबई विद्यापीठाची हद्द काही कलिन्याच्या आवारापुरती नाही, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे धरून सात जिल्हे आहेत. सावंतवाडीच्या पोराला परीक्षा भवन गाठायचं तर रात्रभराचा प्रवास. त्याच्या बापाला इंग्रजी कागद कोण वाचून दाखवणार? दोन्ही भाषांत द्या, एवढंच मागतोय.

रानवाट

सर, तुमच्याशी सहमत आहे, पण अर्धीच. इंग्रजी परिपत्रकाचं जे मराठी होतं ते त्या इंग्रजीपेक्षा अवघड असतं. 'निर्गमित', 'अवगत', 'तद्नंतर'. अशा मराठीचा अभिमान मला वाटत नाही.

जुनाखडू

अभिमानाचा प्रश्न तुम्ही काढलात. अधिष्ठाता, कुलसचिव, अधिसभा हे शब्द कुणीतरी मेहनतीने घडवले. अवघड म्हणून टाकून द्यायचे का? उद्या कुलगुरू हाही शब्द अवघड म्हणाल.

रानवाट

कुलगुरू शब्दावर कोण बोललं? मी एका मुलीच्या तीन दिवसांबद्दल बोलतेय आणि तुम्ही शब्दकोश काढलात. हे वाचून खरंच राग आला.

फिलाडेल्फियाकर

मराठी-इंग्रजीचा वाद थोडा बाजूला ठेवता का? भाषा कुठलीही असो, वाक्य कुणाचं आहे हा प्रश्न मोठा आहे. मी इथे राहतो म्हणून इथलं सांगतो. 5 डिसेंबर 2023 ला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या तीन विद्यापीठांच्या अध्यक्षा अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बसल्या. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांत बसतं का, असा प्रश्न होता. उत्तर आलं की ते संदर्भावर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. पण ऐकणाऱ्याला ते वकिलाचं वाटलं. पेनसिल्व्हेनियाच्या लिझ मॅगिल यांनी दुसऱ्या दिवशी चित्रफीत काढून खुलासा केला, तरी चौथ्या दिवशी पद सोडावं लागलं. हार्वर्डच्या क्लॉडीन गे 2 जानेवारीला गेल्या, त्यांच्या बाबतीत लेखनचौर्याचे आरोपही होते. एमआयटीच्या सॅली कॉर्नब्लुथ राहिल्या.

माझी शेजारीण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच नोकरी करते, ज्यू आहे. ती म्हणाली, मला नियम ऐकायचा नव्हता, मला 'नाही' ऐकायचं होतं.

स्पष्टवक्ता

आभारी आहे, माझा मुद्दा तुम्ही सिद्ध केलात. बोलल्या म्हणून गेल्या. शिकागो विद्यापीठाच्या काल्व्हेन अहवालाने 1967 मध्येच सांगितलंय की विद्यापीठाने राजकीय प्रश्नांवर संस्था म्हणून भूमिका घेऊ नये. हार्वर्डनेही 2024 मध्ये तीच वाट धरली.

फिलाडेल्फियाकर

काल्व्हेन अहवाल पुन्हा वाचा. विद्यापीठाच्या मूळ कामावरच घाला येतो तेव्हा संस्थेने बोलावं, हेही त्यातच आहे. आणि एप्रिल 2025 मध्ये अमेरिकन सरकारने मागण्यांची यादी पाठवल्यावर त्याच हार्वर्डच्या ॲलन गार्बर यांनी सगळ्यांना जाहीर पत्र लिहिलं की विद्यापीठ आपलं स्वातंत्र्य सोडणार नाही. युद्धावर मत देणं वेगळं, आपल्या घरात काय चाललंय ते घरच्यांना सांगणं वेगळं. निकाल, फी, वसतिगृह यांवर तटस्थ कसले राहता?

माजी_परीक्षा_विभाग

इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी 22 वर्षं काढली, नाव लिहिणार नाही.

एका वर्षी एका विषयाच्या गुणयादीत गोंधळ झाला. एका केंद्रावरच्या मुलांचे अंतर्गत गुण चढवलेच गेले नव्हते. निकाल लागला आणि सगळी नापास. चूक आमची, शंभर टक्के. दुपारी चारला कळलं. मी साध्या भाषेत सूचना लिहिली, खाली कुलगुरूंच्या सहीची जागा ठेवली. साहेबांनी वाचली, म्हणाले चांगली आहे, विधी अधिकाऱ्यांना दाखवा. त्यांनी 'आमच्या चुकीमुळे' खोडून 'तांत्रिक कारणास्तव' केलं. कुलसचिवांनी तारीख काढून 'यथावकाश' घातलं. मग कुणीतरी म्हणालं कुलगुरूंची सही कशाला, उपकुलसचिवांची पुरे. रात्री साडेनऊला जी सूचना निघाली तिच्यात माझं एकच वाक्य शिल्लक होतं, 'विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.' कुणाचा हेतू वाईट नव्हता. सगळे आपापली खुर्ची सांभाळत होते, मीही त्यात होतो.

रात्रभर फोन वाजत होते. एका बाईंनी विचारलं, 'तांत्रिक म्हणजे माझी मुलगी पास का नापास?' मला उत्तर माहीत होतं. सांगायची परवानगी नव्हती.

नदीकाठ

तुम्ही त्या बाईंना काय सांगितलंत?

माजी_परीक्षा_विभाग

'उद्या कार्यालयीन वेळेत चौकशी करा.' अजून टोचतं.

स्पष्टवक्ता

साहेब, विधी अधिकाऱ्याची बाजूही समजून घ्या. 'आमची चूक' लिहिल्यावर नुकसानभरपाईचे दावे लागतात. विद्यापीठाचा पैसा म्हणजे पोरांच्या फीचाच पैसा.

नदीकाठ

दावे 'तांत्रिक कारणास्तव' लिहूनही लागतात. 2017 ला लोक हायकोर्टात गेलेच होते की.

जुनाखडू

मला विचाराल तर याला विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट, जबाबदार. वर्षातून किमान दोनदा बैठक, प्रश्न विचारायचा हक्क, आणि सदस्य काय विचारतात? बांधकामाची निविदा. मुंबईत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये स्थगित झाली ती थेट सप्टेंबर 2024 ला झाली. वर्षभर पदवीधरांचा आवाजच नाही. कुलगुरूंनी कुणाला उत्तर द्यायचं? राज्यपालांना. म्हणून तोंड तिकडेच असतं. नेमणूक वरून होते, हटवणंही वरून होतं, मग खाली बघायचं कारणच काय?

रानवाट

सर, हे मात्र तुम्ही पटण्यासारखं बोललात. मघाशी जास्त बोलले असेन, पण मुलीबद्दलचं मागे घेत नाही.

जुनाखडू

घेऊ नका. शब्दांवर मीही माघार घेत नाही.

स्पष्टवक्ता

एक सांगतो, काल जे लिहिलं ते का लिहिलं ते. माझा मुलगा इंजिनिअरिंगला होता. त्याचा निकाल राखीव म्हणून दाखवला, कारण नाही. त्याने दोन दिवस जेवण सोडलं. मी रात्री गाडी काढली, 240 किलोमीटर, सकाळी विद्यापीठाच्या दारात. तिथे बाहेर मोठा फलक, त्यावर कुलगुरूंचा हसरा फोटो आणि 'संवादातून समृद्धी' असं काहीतरी. आत खिडकीवर माणूस नाही. साडेअकराला आला, दोन मिनिटांत काम झालं, एक शिक्का राहिला होता. तेव्हापासून संवाद हा शब्द ऐकला की डोक्यात तिडीक जाते. मला खिडकीवर माणूस हवा, पत्र नको.

नदीकाठ

हे आधी लिहिलं असतंत तर मी इतक्या कडकपणे लिहिलं नसतं. फलक म्हणजे संवाद नव्हे, यात आपलं भांडणच नाही. पण तुमच्या मुलाला 'शिक्का राहिलाय, तुला यायची गरज नाही, सोमवारी होईल' असा एक निरोप आला असता तर?

स्पष्टवक्ता

तो निरोप कारकुनाने द्यायचा, कुलगुरूंनी नाही.

माजी_परीक्षा_विभाग

कारकून देत नाही, कारण त्याला माहीत असतं की वर कुणी पाठीशी उभं राहणार नाही. साहेबांनी त्या दिवशी माझ्या मसुद्यावर सही केली असती तर पुढच्या वेळी खिडकीवरच्या पोरानेही तोंड उघडलं असतं.

नदीकाठ

तो मसुदा अजून आहे तुमच्याकडे?

माजी_परीक्षा_विभाग

वहीत आहे. केंद्र आणि विषय वगळून देतो.

'विद्यार्थी मित्रांनो, आज लागलेल्या निकालात तुम्हाला नापास दाखवलं आहे. तुमचे अंतर्गत गुण आमच्याकडून चढवायचे राहिले. ही आमची चूक आहे. गुण चढवण्याचं काम आज रात्री सुरू होत आहे, शुक्रवारी दुपारी चारला सुधारित निकाल लागेल. तोपर्यंत कुणीही पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरू नये, पैसे भरू नयेत, विद्यापीठात येऊ नये. ज्यांना नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी पत्र हवं असेल त्यांना ते उद्या महाविद्यालयातच मिळेल. तुमच्या घरच्यांना हे आजच वाचून दाखवा.'

स्पष्टवक्ता

यावर दावा लागला असता असं मला अजूनही वाटतं. शुक्रवार पाळला गेला का?

माजी_परीक्षा_विभाग

गुरुवारी रात्रीच झालं होतं. जाहीर सोमवारी केलं, सहीसाठी थांबून.

रानवाट

हे मी छापून आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवते.