स्वतःच्या बिलावर काम करणाऱ्यांचा कर आणि खर्च : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

पगारवाल्याच्या हातात फॉर्म १६ पडतो आणि विषय संपतो. बिल फाडून कमावणाऱ्याला मात्र कुठला खर्च धरायचा, कुठला नाही, हे दरवर्षी सीएच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. म्हणून हा धागा. काय धरलंत, सीएने काय खोडलं, कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने बिलातून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कसा सोडवलात, ते लिहा. पॅन आणि क्लायंटचं नाव टाकू नका. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण तोंडात जुनेच बसलेत. इथे तेच चालतील.

ऐरोलीकर, सॉफ्टवेअर
महापेच्या ज्या कंपनीत पेरोलवर होतो तिथेच आता कन्सल्टंट आहे. खुर्ची तीच, बॉस तोच. फक्त महिनाअखेरीला मी बिल पाठवतो आणि ते १० टक्के कापून पैसे टाकतात. ठरावीक व्यावसायिकांना खर्चाचा हिशोब न मांडता अंदाजे उत्पन्न दाखवू देणारं ४४एडीए कलम आहे, आयटीचं काम त्याच्या यादीत बसतं. म्हणजे वर्षाला १८ लाख आले तर निम्मे, ९ लाख, उत्पन्न धरायचं. उरलेल्याची एकही पावती दाखवायची नाही. २०२५-२६ साठी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे कापलेले १ लाख ८० हजार सगळे परत. ऐकायला झकास! पण ते पैसे वर्षभर सरकारकडे आणि घराचं भाडं इकडे चालू. पीएफ नाही, मेडिक्लेम स्वतःच्या खिशातून. शिवाय जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा त्या निम्म्यावर नाही, हातात आलेल्या पूर्ण रकमेवर मोजतात.

> धागाकर्ती : लॅपटॉप आणि नेट सोडलं तर तुमचा खर्च आहे तरी कुठे? मग निम्मं उत्पन्न कसं?

> ऐरोलीकर : कायदा म्हणतो किमान ५० टक्के दाखवा, जास्त कमावलं असेल तर जास्त. बहुतेक लोक ५० वरच थांबतात. माझा सीए ६० टक्के दाखवायला लावतो. १० लाख ८० हजार झाले तरी कर शून्यच, आणि बँकेतल्या शिलकीशी आकडा जुळतो. मला पटलं.

घोडबंदरवाला, इंटिरियरचं काम
आमचं उलटं. आलेल्या पैशातला मोठा हिस्सा प्लाय, हार्डवेअर आणि सुतारांकडे जातो. डिझाइन बायको करते, तिची बिलं तिच्या पॅनवर, ती ४४एडीएत. माझी ठेकेदारी, म्हणून मी ४४एडीत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या तशाच कलमात : बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. मला टीडीएस १९४सीखाली, म्हणजे ठेकेदारीच्या कलमाखाली, १ टक्का लागायला हवा. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचं काम केलं, तर त्यांच्या अकाउंटंटने ‘इंटिरियर’ एवढंच वाचलं आणि प्लायवूडसकट अख्ख्या बिलावर १० टक्के कापले. अहो, त्या कामात मला तेवढं सुटतही नाही! वर्कऑर्डर दाखवून पुढची बिलं सुधारून घेतली. आधी कापलेले रिफंडात आले. आता बिलावर ‘फर्निचर व सिव्हिल काम, साहित्यासह’ असं ठळक छापतो.

जीएसटी नंबर आहे म्हणून प्लायच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो माझ्या जीएसटीतून वजा होतो, पण दुकानदाराने त्याचं रिटर्न भरलं तरच. कच्च्या बिलावरचा स्वस्त प्लाय शेवटी महागातच पडतो.

आता सीए सहसा सांगत नाहीत ते. ६ टक्के दाखवून कर वाचतो, पण घर घ्यायला गेलात की बँक तोच आकडा बघते. ५० लाखांचं काम करणारा माणूस रिटर्नमध्ये ३ लाखांचा! वाघबीळला फ्लॅट बघत होतो तेव्हा बँकेतला माणूस फक्त हसला नाही, एवढंच. मग काही वर्षं नफा खराखुरा दाखवला, कर भरला, तेव्हा कर्ज झालं. आणि ४४एडीतून मध्येच बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत शिरता येत नाही.

नेरुळची, अनुवाद
माझं काम ४४एडीएच्या यादीत नाही, त्यामुळे खरे खर्च मांडते. घरातली एक खोली कामाची. महावितरणचं बिल सासऱ्यांच्या नावावर. सीए म्हणाले, खोलीच्या प्रमाणात हिस्सा धरू, पण तेवढे पैसे तुमच्या खात्यातून त्यांच्या खात्यात गेलेले दिसू देत. पहिल्यांदा यूपीआय केलं तेव्हा बाबा हॉलमधूनच ओरडले, “सूनबाई, हे कसले पैसे आले गं?” आता महिन्याच्या महिन्याला स्वतःच आठवण करतात.

खारघर, लग्नाचे फोटो
कॅमेऱ्याची पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्चात घालता येत नाही. घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा थोडा थोडा भाग दरवर्षी खर्चात जातो : कॅमेरा-लेन्सवर १५ टक्के, एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर ४०. घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. म्हणून नवी बॉडी दिवाळी सेलची वाट न बघता सप्टेंबरातच घेतो.

एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. त्यामुळे ड्रोनवाल्याला यूपीआयच. लग्नात घालायचा ब्लेझर मांडून बघितला. सीए म्हणाला, “भाच्याच्या लग्नात हाच घालणार ना?” खोडला. वाशीचा टोल पूर्वी फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून धरायचो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, तो खर्चच गेला. बरंच झालं म्हणा.

कोपरी, एसी दुरुस्ती
ई-चलान खर्चात धरत नाहीत, दंड तो दंड. व्यवसाय कराचे वर्षाचे २५०० धरतात, भरले असतील तर. आमच्या लाइनीत त्या कराचा नंबर काढायचं कोणी मनावरच घेत नाही, मग मागच्या वर्षांसकट नोटीस येते.

नौपाडा, सीएच्या ऑफिसात नोकरी
जुलैत लोक पिशवीभर पावत्या आणून ओततात. पेट्रोलपंपाची पावती तोवर कोरी झालेली असते. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर उरत असेल तर अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आतच कर, भरावा लागतो. ४४एडी-एडीएवाल्यांनी १५ मार्चपर्यंत एकदाच, बाकीच्यांनी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना. चुकलात की महिन्याला १ टक्का व्याज.

> ऐरोलीकर : मी भाड्याने राहतो. एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) नाही, मग घरभाड्याचं काही मिळतं का?

> नौपाडा : ८०जीजी कलमाची वजावट आहे, महिन्याला जास्तीत जास्त ५ हजार, तेही जुन्या कररचनेतच. जुनी रचना निवडायची तर रिटर्नच्या तारखेआधी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, आणि धंद्याचं उत्पन्न असलेला माणूस एकदा तिथून नव्या रचनेत परतला की त्याला पुन्हा जुनीत जाता येत नाही. ५ हजारांसाठी तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.