गाणंबजावणं झालं, आता कथा लिहिणारे कोण कोण आहेत? अनुभव सांगा

फाटका_भाता:
काल खंडेनवमीच्या पूजेला बाजाची पेटी बाहेर काढली. दोन वर्षं कव्हरातच होती. झाकण काढून पुसायला गेलो तर आत एक घडी घातलेला कागद, पुढच्या बाजूला कुठल्याशा मैफलीची चिजांची (बंदिशींची) यादी आणि मागे माझ्याच अक्षरात एक वाक्य, "बाई आज गात नव्हत्या, दाराकडे बघत होत्या." साल आठवेना, गाव आठवेना, बाई मात्र लख्ख आठवल्या. पूजा राहिली बाजूला, बायको ओरडेपर्यंत लिहीत बसलो.

पोटापाण्याला शाळेत संगीत शिक्षक आणि बाकी वेळ साथीची पेटी, असं चाललं. ५८ ला रिटायर झालो आणि कथा लिहायला लागलो. ११ झाल्यात, छापल्या २. अडचण अशी की साथीदाराला आधी तोंड उघडायची सवयच नसते हो. गायकाने जागा (सुरांची हरकत) घ्यायची, आपण मागून ती धरायची, जरा जास्त वाजवलं की तो वळून बघतो. इथे पुढे कोणी गातच नाही! पहिल्या चार कथांत सगळी पात्रं एकमेकांच्या हो ला हो करतायत, भांडण म्हणून नाही. मुलगी म्हणाली, बाबा यात सगळेच साथीला बसलेत, गातंय कोण?

एक मात्र कामाला आलं, सूर लावायची सवय. पेटीचा पितळी सूर (वाऱ्याने वाजणारी आतली पातळ जीभ) टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, आणि कानस फिरवायची ती अगदी हलकी, पुन्हा पुन्हा वाजवून बघत, कारण गेलेलं पितळ परत येत नाही. कथेतली वाक्यं मी तशीच घासतो. फरक इतकाच की कथा टोकाशी घासली तरी उतरते आणि मुळाशी घासली तरी उतरते 😀

तुमचं काय?

एक_मात्रा_उशिरा:
तबला. बँकेत नोकरी, संध्याकाळी क्लास. पहिली कथा १९ पानं, त्यात नायक घरातून निघून स्टेशनवर पोचायलाच १२ पानं. मित्राला वाचायला दिली तर तो म्हणे अरे विलंबित एकताल लावलायस, सम (तालाची पहिली मात्रा) कधी येणार? तेव्हापासून बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो, ती जिथे भाजीकडे बघायला उठते तिथून पुढची दोन पानं कापतो.

ठाणेकरीण:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. २६ वर्षं गाण्याच्या प्रारंभिक ते विशारद परीक्षांच्या मुलींना शिकवलं, म्हणजे निम्मं आयुष्य भूप रागात गेलं. माझ्या सगळ्या कथांत शेवटी गुरू मरतो. सगळ्या! ठरवून बसले की यावेळी नाही मारायचा, तरी पान आठवर खोकायला लागतो. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा. गेली शिट्टी

एक_मात्रा_उशिरा:
कफ सिरप द्या पान सातवर

कोकणी_दमट:
दादा विषय वेगळा आहे पण विचारतो, तुम्ही सूर घासायचं लिहिलंत म्हणून. माझ्या पेटीत काळी दोन पट्टी न दाबताच वाजत राहते, भाता हलवला की सुरू. पावसाळ्यापासून हा ताप आहे. सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे आहेत, घासावे लागतील का?

फाटका_भाता:
सुराला अजिबात हात लावू नका! पट्टीखालची झडप नीट बसत नसणार. स्प्रिंग सरकली असेल, दमटपणाने लाकूड फुगलं असेल नाहीतर मध्ये काहीतरी अडकलं असेल. झाकण काढून आधी ब्रश फिरवा.

वरातवाला:
मी लग्नाच्या बँडमधला. क्लॅरिनेट. ४० सीझन वाजवलं मग पुढचे दात काढले, कवळीवर क्लॅरिनेट धरत नाही वारा सुटतो बाजूने. बसून राहायचं कंटाळा आला मग फोनमध्ये बोलून लिहितो. फोन सनईचं सून आई करतो त्यामुळे माझ्या एका गोष्टीत सून आई रात्रभर वाजत होती. वरातीत डोक्यावर लाईट घेऊन चालणाऱ्या बायका असतात बघा, वायरने एकमेकींना बांधलेल्या असल्यासारख्या, मागे जनरेटरची गाडी. एकीला थांबायचं असलं तर सगळ्या रांगेला थांबावं लागतं. आम्ही पुढे नागिन वाजवतोय पब्लिक नोटा उडवतंय आणि मागे एक जण चप्पल तुटली म्हणून अनवाणी चाललीय डांबरावर, मे महिना. ते मी वाजवताना कधी बघितलंच नाही, आता लिहिताना दिसतं. शिक्षण सातवी. शुद्धलेखन सांभाळून घ्या

ठाणेकरीण:
वरातवाले काका, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, ही गोष्ट पूर्ण टाका इथे. अंगावर काटा आला.

जुना_श्रोता:
यात नवीन काय आहे. गोविंदराव टेंबे बघा, १९११ च्या मानापमान नाटकाच्या चाली त्यांच्या, पेटीत नाव आणि लेखणीही चालवली. पुलंच्या पेटीबद्दल तर बोलायलाच नको.

फाटका_भाता:
अहो ती मंडळी दोन्ही हातांची. आम्ही ५८ नंतर ग म भ न काढतोय. बरी आठवण केलीत पण, १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती ना, माझी एक कथा त्यावरच आहे. एक पेटीवाला रेडिओ लावून स्वतः घरी साथ करतो. दोन ठिकाणांहून साभार परत.

मसापवाली_नव्हे:
साभार परतवरून, दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर मे-जूनमध्ये पाठवा, आत्ता दसऱ्याला पाठवून छपाईवाले हसतील फक्त. आणि पोचपावती आली नाही म्हणून दर आठवड्याला फोन करू नका (मी केला होता 🙈)

बिचारी_बायको:
मी लिहीत नाही, ज्यांच्यावर लिहिलं जातं त्यातली. यजमान व्हायोलिनवाले. आधी निदान कार्यक्रमाला बाहेर तरी जायचे. आता कथेतली बायको सारखी चहा देते आणि खिडकीत उभी राहते. मी गेल्या दहा वर्षांत खिडकीत उभी राहिले असेन ती फक्त कबुतरं हाकलायला. आणि चहा ते करतात!

एक_मात्रा_उशिरा:
वहिनी तुम्हीच लिहा हो

बिचारी_बायको:
गुडघ्याचं ऑपरेशन झालं की बघते. कोणी केलंय का? किती दिवसांनी जिना चढता येतो?

ठाणेकरीण:
व्यनि (खाजगी निरोप) करते. आईचं झालंय.

वरातवाला:
पेटीवाले भाऊ त्या बाई दाराकडे का बघत होत्या

फाटका_भाता:
तिथेच अडलोय काल रात्रीपासून. तेव्हा माझी नजर त्यांच्या गळ्यावर. दारात कोण होतं ते मी मान वळवून बघितलंच नाही.

कोकणी_दमट:
दादा काळी दोन थांबली!! झडपेत तांदळाचा दाणा होता. गेल्या वर्षीच्या पूजेची अक्षता 🙏