शब्दचर्चा : होलोकॉस्ट संग्रहालयातल्या 'एज्युकेटर'चे मराठी शब्द

प्रश्न

होलोकॉस्ट संग्रहालयात शाळेच्या गटांबरोबर दालनांतून फिरणाऱ्या आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसाला 'एज्युकेटर' म्हणतात. न्यू जर्सीत १९९४पासून होलोकॉस्ट आणि वंशसंहार हा विषय शाळांना सक्तीचा आहे, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतली मुलंही तो शिकतात. अशा मुलांच्या पालकांना आणि आजी-आजोबांना वाचता येईल अशी मराठी पुस्तिका करायची आहे. मसुद्यात सध्या असं आहे : एज्युकेटर – मार्गदर्शक, कॉन्सन्ट्रेशन कॅम्प – छळछावणी, व्हिक्टिम – बळी, डिपोर्टेशन – स्थलांतर, सिलेक्शन – निवड. शिवाय 'होलोकॉस्ट'ला मराठी प्रतिशब्द करावा की तो तसाच ठेवावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

'होलोकॉस्ट' तसाच ठेवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'संपूर्ण जाळलेलं', आणि बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो देवाला अर्पण केलेल्या होमबळीसाठी येतो. म्हणूनच अनेक ज्यूंना तो खटकतो. ही हत्या कुणी कुणाला अर्पण केलेली नव्हती. हिब्रूत 'शोआ' म्हणजे घोर विनाश, यिद्दिशमध्ये (युरोपातल्या अनेक ज्यूंच्या भाषेत) 'खुर्बन'. पुस्तिकेत पहिल्या उल्लेखाला 'होलोकॉस्ट (हिब्रूत शोआ)' असं लिहून एका वाक्यात अर्थ द्या : १९३३ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातल्या ज्यूंचा केलेला छळ आणि सुमारे ६० लाख ज्यूंची पद्धतशीर हत्या. 'वंशसंहार' हा वेगळा, व्यापक शब्द आहे. तो राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञांनी १९४४ साली छापलेल्या 'जेनोसाइड' या शब्दासाठी राखून ठेवा.

आता गंमत बघा, जी अडचण 'होलोकॉस्ट'ची तीच मराठीत 'बळी'ची. आपल्याकडे बळी देतात, बळी चढवतात. वर्तमानपत्रांनी 'अपघाताचे बळी' इतकं रुळवलंय की तो अर्थ कानाला जाणवत नाही, पण याच विषयात तो जाणवायला हवा. 'आहुती', 'प्राणार्पण', 'हुतात्मे' हे तर मुळीच नको, कारण त्यात मरणाऱ्याची इच्छा गृहीत धरलेली असते. मी 'हत्या झालेले' किंवा 'मारलेली माणसं' लिहीन. जिथे नाव माहीत आहे तिथे नावच.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत. 'एज्युकेटर'ला 'मार्गदर्शक' नको. मार्गदर्शक वाट दाखवतो आणि माहिती सांगतो. इथे निम्मं काम प्रश्न विचारण्याचं आणि उत्तराची वाट बघण्याचं असतं. 'प्रबोधक'मध्ये उपदेश येतो. 'संग्रहालय-शिक्षक' हा साधा शब्द पुरेसा आहे.

शब्द किती जपावे लागतात त्याचं एक उदाहरण देतो, कारण असे मथळे मराठीत करताना हमखास घोटाळा होतो. ऑशविट्झ छावणीचा भाग असलेल्या बिर्केनाउमध्ये १९४४च्या मे महिन्याच्या सुमारास एसएसच्या (नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेच्या) माणसांनी काढलेल्या सुमारे २०० छायाचित्रांचा एक अल्बम आहे, 'ऑशविट्झ अल्बम' या नावाने ओळखला जातो. त्यातल्या काही चित्रांत झाडांखाली बायका-मुलं बसलेली दिसतात. बरोबर बोचकी आहेत, डोक्यांना रुमाल आहेत. मराठी मथळा सहज होतो : 'गॅस चेंबरमध्ये जाण्यासाठी थांबलेल्या स्त्रिया व मुले.' हे चूक आहे. 'जाण्यासाठी थांबल्या' म्हटलं की हेतू त्यांचा ठरतो, जणू एसटीची वाट बघतायत. पुढे काय आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. मथळा असा हवा : 'गॅस चेंबरमध्ये नेण्याआधी एसएसने थांबवून ठेवलेल्या स्त्रिया व मुले.' दोन शब्द वाढले, पण कुणी काय केलं ते जागेवर आलं.

हाच फोटो गटासमोर ठेवताना क्रम असा : आधी फक्त काय दिसतं ते विचारायचं, निष्कर्ष नको. मग फोटो कुणी काढला. मग कशासाठी काढला. शेवटी चौकटीबाहेर काय असेल. पहिला प्रश्न गाळून थेट 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं की मुलं अपेक्षित दुःख बोलून दाखवतात आणि फोटो बघतच नाहीत. प्रश्न विचारल्यावर पाच-दहा सेकंद गप्प राहायचं, तेवढी शांतता अवघड जाते म्हणून बरेच जण स्वतःच उत्तर देऊन टाकतात. दीड तासाच्या भेटीत सात-आठ वस्तूंपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, आणि पहिली वस्तू १९३३च्या आधीच्या घरगुती आयुष्यातली असावी : शाळेचा फोटो, लग्नाचा फोटो. नाहीतर ज्यू म्हणजे फक्त मेलेली माणसं असं चित्र मनात राहतं. याद वाशेम या जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेच्या शिक्षणपद्धतीत 'सुरक्षित आत, सुरक्षित बाहेर' (मुलांना या अवघड विषयात सांभाळून न्यायचं आणि सांभाळून बाहेर आणायचं) असं सूत्र आहे, ते पुस्तिकेत जरूर घ्या.

प्रतिसाद ३

'स्थलांतर' तातडीने काढा. नाझी कागदपत्रांत हत्येसाठी नेण्याला 'पुनर्वसन', 'स्थलांतर' अशाच अर्थाचे शब्द वापरलेले आहेत. ज्यूंच्या हत्येच्या योजनेवर नाझी अधिकाऱ्यांनी घेतलेल्या २० जानेवारी १९४२च्या वानसे बैठकीच्या इतिवृत्तात 'पूर्वेकडे रवानगी' अशी भाषा आहे, 'ठार मारणे' असं सरळ कुठे नाही. आपण 'स्थलांतर' लिहिलं तर मारेकऱ्यांचा आडपडदा आपल्याच हाताने पुन्हा लावल्यासारखं होतं. 'हद्दपारी'त माणूस हद्दीबाहेर सोडला असं वाटतं, तोही नको. 'जबरदस्तीने नेणे' बरं, आणि कुठून कुठे ते लिहायचंच.

'निवड'ही तशीच. मराठीत निवड झाली की पेढे वाटतात! 'सिलेक्शन' अवतरणात ठेवा आणि कंसात 'कामाला जुंपायचे आणि लगेच मारायचे असे लोक वेगळे काढणे'.

'छळछावणी' रूढ आहे, ठेवा, पण सगळीकडे नको. डाखाऊ २२ मार्च १९३३ला सुरू झाली ती राजकीय विरोधकांना डांबायला, ती छळछावणी. हेल्मनो, बेल्झेत्स, सोबिबोर, त्रेब्लिंका ही मारण्यासाठीच उभी केलेली ठिकाणं, 'हत्याकेंद्र' म्हणा. त्रेब्लिंकात आणलेल्या बहुतेकांना काही तासांतच मारत, त्यामुळे 'छावणी'तला मुक्काम तिथे नव्हताच. ऑशविट्झ-बिर्केनाउ आणि माइदानेक दोन्ही प्रकारांत येतात. वेस्टरबोर्क ही पुढे पाठवण्याआधीची ठेवण्याची छावणी. अ‍ॅन फ्रँकचा प्रवास वेस्टरबोर्क, ऑशविट्झ, बेर्गेन-बेल्झन असा झाला. बेर्गेन-बेल्झनमध्ये गॅस चेंबर नव्हतं, ती तिथे १९४५च्या सुरुवातीला आजाराने गेली. मराठीत 'अ‍ॅनला गॅस चेंबरमध्ये मारलं' असं छापलेलं दिसतं, कारण एकाच शब्दात सगळ्या जागा कोंबलेल्या असतात.

आणि 'पोलिश छळछावणी' कधीही नाही. 'जर्मनव्याप्त पोलंडमधली'. युनेस्कोनेही २००७मध्ये जागतिक वारसा यादीतल्या ऑशविट्झच्या नोंदीत 'जर्मन नाझी' हे शब्द घातले, ते याच गैरसमजासाठी.

प्रतिसाद ४

छावणीवरून आठवलं. आपल्याकडे लष्करी छावणी, चारा छावणी, निर्वासितांची छावणी सगळ्याला एकच शब्द. त्यामुळे कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीला 'हिटलरच्या छळातून सुटलेल्यांचा कॅम्प' म्हटलं जातं. १९४३ ते १९४८ दरम्यान तिथे राहिलेल्या सुमारे ५००० जणांपैकी बहुतेकांना सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानकडे नेलं होतं, आणि ते इराणमार्गे इथे आले. पुस्तिकेत महाराष्ट्राचा दुवा म्हणून घेणार असाल तर एवढं तपासून घ्या.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कर्ता. 'कर्मणी प्रयोग टाळा' असा सल्ला इंग्रजीवरून येतो, तो मराठीला लागू नाही. 'पोलिसांनी गोळ्या घातल्या' हाही कर्मणीच. आपला प्रश्न प्रयोगाचा नाही, कर्ता गाळण्याचा आहे : 'गोळ्या घालण्यात आल्या'. त्याऐवजी : 'जर्मन राखीव पोलीस बटालियन १०१च्या माणसांनी १३ जुलै १९४२ रोजी जर्मनव्याप्त पोलंडमधल्या युझेफुफमध्ये सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घातल्या.' सरसकट 'नाझींनी' लिहिण्यातही धोका आहे. त्या बटालियनमधले बरेचसे हॅम्बुर्गकडचे मध्यमवयीन लोक होते. पोलीस, रेल्वे कर्मचारी, शेजारी असं जे असेल ते लिहा.

प्रश्नकर्ता

खूप आभार, मसुदा बदलतो. एक राहिलं : नाझी चिन्हाला काय लिहावं? 'स्वस्तिक' लिहिलं की घरचे दुखावतात.

प्रतिसाद २

जर्मनमध्ये ते 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकडीसारख्या वळलेल्या टोकांचा क्रूस. पहिल्यांदा दोन्ही शब्द द्या, पुढे 'हाकेनक्रॉइत्स' चालवा. मूल म्हणालं, 'आमच्या देवघरात आहे', तर त्याला गप्प करायचं नाही. देवघरातलं चिन्ह फार जुनं आहे. नाझी पक्षाने १९२०मध्ये ते लाल झेंड्यावर, पांढऱ्या वर्तुळात, काळं आणि बहुधा तिरपं करून घेतलं. फक्त 'त्यांचं उलट्या दिशेचं होतं' असं समजावू नका. नेहमीच्या स्वस्तिकाची आणि त्यांच्या चिन्हाची टोकं एकाच दिशेला वळतात, आणि मूल घरी जाऊन उंबऱ्यावरच्या रांगोळीशी ताडून बघतंच.